माणिकबाईचे पन्नास डोळे

तुम्ही संत्र खाता, बिया थुंकता, बोटांना राहिलेला वास दिवसभर हुंगता. मग सांगा बरं, ते झाड बांधलं कोणी?

लावलं कोणी हे विचारलेलं नाही. लावणारा मालक असतो, त्याचं नाव सातबाऱ्यावर असतं. पाणी देणारा असतो, फवारणारा असतो, तोडून कॅरेटमध्ये भरणारा असतो. पण त्या सगळ्यांच्या आधी जंभेरीच्या आंबट, काटेरी रोपावर कोणीतरी गोड संत्र्याचा एक डोळा आणून बसवलेला असतो. डोळा म्हणजे पानाच्या बगलेत असतो तो एवढासा कोंब, तांदळाच्या दाण्याएवढा. तो बसवला नसता तर तुम्ही जंभेरी चोखून तोंड वाकडं केलं असतं. बसवणाऱ्याचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. तुमचा दोष नाही, कोणी सांगितलंच नाही. तेव्हा ऐका.

चांदूर बाजारच्या अलीकडच्या एका गावात माणिकबाई अंबाडकर राहते. वय पन्नास-बावन्न. नेमकं विचाराल तर आधार कार्डाकडे बोट दाखवते, आणि तिथली तारीखही मास्तरानं अंदाजानं टाकलेली. शाळा चौथीपर्यंत. उंची बेताची, जीभ तिखट, चालणं असं की सोबतच्याला पळावं लागतं. डाव्या अंगठ्याच्या पेरावर आडव्या बारीक चिरांची जाळी आहे. तीस वर्षं त्या अंगठ्यावर कलमाचा चाकू येऊन थांबतो आहे.

ती लग्न होऊन आली तेव्हा गावाला लागूनच संत्रा बागायतदारांच्या सहकारी संस्थेची नर्सरी होती. चौदा एकर. भिंतीला चुना, फाटकावर हिरवी पाटी, सकाळी आठला भोंगा. सासरा तिथे, नवरा गोवर्धन तिथे, अर्धी माळी आळी तिथे. काम करणाऱ्याला कोणी कागद मागत नसे. या फाटकातून रोज आत जातो, हाच त्याचा कागद. रिवाज असा की पुरुषानं डोळा भरायचा आणि बाईनं मागून पट्टी बांधत यायचं. माणिकबाई तीन हंगाम गोवर्धनच्या मागे वाकून पट्ट्या बांधत फिरली. चौथ्या हंगामात गोवर्धन सायकलवरून पडला, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि ओळ रिकामी राहू नये म्हणून मुकादमानं कुरकुरत तिच्या हाती चाकू दिला. प्लास्टर निघालं, चाकू काही परत आला नाही. तिचे शंभरातले पंच्याण्णव डोळे धरत, गोवर्धनचे पंचाऐंशी. तो अजूनही आल्यागेल्याला सांगतो, "चाकू माहा, हात माहा मोडला, अन् नाव हिचं झालं."

मग वारं फिरलं. वर कुठेतरी ठरलं की आता सगळं बाजारावर सोडायचं, ज्याच्यात दम असेल तो जगेल. खाजगी नर्सऱ्या निघाल्या, संस्थेतल्या पुढाऱ्यांनी आधीच पोखरून ठेवलेलं होतं ते एका धक्क्यात बसलं. लिलावाच्या वेळी साहेब लोक आले आणि यादी केली. मोटरपंप दोन, लोखंडी कपाटं पाच, खुर्च्या बावीस, भोंगा एक. साठ-सत्तर माणसांच्या हातात जे होतं त्याची यादी कोणी केली नाही. ते लिलावात बसत नव्हतं ना. एवढं मोठं शहाणपण एका दुपारी भंगारापेक्षा हलकं ठरलं, आणि ज्यांनी ठरवलं त्यांच्यातल्या एकालाही चाकूनं रोपाची साल सोडवता येत नव्हती. कोणी पुण्याला गेलं, कोणी ऑटो घेतला. त्या चौदा एकरांवर आता लग्नाचं लॉन आहे. गोवर्धन तिथेच चौकीदार आहे. ज्या वाफ्यांवर त्यानं जन्मभर डोळे भरले, तिथे तो शिटी वाजवून गाड्या मागे घ्यायला सांगतो.

माणिकबाई ठेकेदाराच्या टेम्पोत बसू लागली. हंगामात कलमं, हंगाम संपला की निंदण. ज्या खाजगी नर्सरीत ती बांधायची तिथे फाटकावर मालकाचा फोटो आणि खाली "तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तयार केलेली कलमे" असा फलक. तज्ज्ञ कोण, हे तिनं एकदा मालकाला विचारलं होतं. पुढच्या आठवड्यात टेम्पोत तिला जागा नव्हती.

घरात दुसरं टोक होतं प्रतीक्षा, तिची एकुलती एक मुलगी. प्रतीक्षानं दोन वर्षांची कृषी पदविका केली. पहिल्या वर्गात पास झाली, फोटो फ्रेम करून भिंतीवर लागला, आणि ती अमरावतीला राजकमल चौकाजवळच्या दुकानात साड्या उलगडून दाखवायला लागली. पदविकेच्या दोन वर्षांत तिनं एकही डोळा स्वतःच्या हातानं भरला नव्हता. प्रात्यक्षिकाला एक चाकू आणि चाळीस पोरं. सरांनी एक करून दाखवलं, बाकीच्यांनी वहीत चित्र काढलं. माणिकबाई जेवताना टोमणा मारायची, तुझ्या पुस्तकाले अजून एक तरी संत्रा लागला का. प्रतीक्षा म्हणायची, तुझ्या हाताले एक तरी सर्टिफिकेट लागलं का. दोघीही खरं बोलत, म्हणून दोघींनाही लागायचं. आईनं हात धरून मुलीला शिकवावं, असं मधल्या काळात दोघींच्याही मनात आलं नाही. शिकली म्हणजे मातीतून सुटली, एवढंच त्या घरानं शिक्षणाचं ओळखलेलं.

अशात गेल्या दिवाळीनंतर प्रतीक्षानंच बातमी आणली. अमरावतीच्या एका कौशल्य केंद्रात नर्सरीचा वर्ग सुरू होणार होता आणि हातानं शिकवणारा प्रशिक्षक पाहिजे होता. बारा महिन्यांचं काम, केंद्राचं ओळखपत्र. अट एकच, प्रमाणपत्र. आणि ज्यांनी शाळेत नाही तर कामातच शिकून घेतलं त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा होती. पन्नास डोळे भरून दाखवायचे, एकवीस दिवसांनी तपासणी, चाळीस जगले की पास.

माणिकबाईनं दोनदा विचारून घेतलं. चाळीसच? तिचे गुडघे आता निंदणाला नाही म्हणू लागले होते, हे तिनं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. पास झाली तर उभ्यानं शिकवायचं. नापास झाली तर पुन्हा टेम्पो, पुन्हा उकिडवं बसणं, जोवर बसवेल तोवर. आणि त्याहून मोठी गोष्ट तिनं फक्त गोवर्धनला सांगितली. तिला एकदा कोणीतरी लिहून द्यावं असं वाटत होतं, की हिले येते.

परीक्षेला आठ जण होते, सात पोरं आणि ती. तपासनीस म्हणून एजन्सीनं पाठवलेला धर्मेंद्र नावाचा तरुण होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, सभ्य, मोटरसायकलवर तीन जिल्हे फिरून काळवंडलेला. आदल्या आठवड्यात त्यानं मोबाइल दुरुस्तीची परीक्षा घेतली होती, पुढच्या आठवड्यात ब्युटी पार्लरची होती. त्याच्या हातात टॅब होता आणि टॅबमध्ये रकाने होते. तोंडी परीक्षेत त्यानं मातीचा सामू, म्हणजे आंबटपणाचा आकडा, विचारला. माणिकबाई म्हणाली, माती तोंडात घालून सांगू का? तो रकाना रिकामा राहिला. हातमोजे न घातल्याबद्दल दोन गुण गेले. मोजे घालून साल कशी उमगेल, हे त्याला तिनं समजावून पाहिलं, पण समजण्याचा रकाना टॅबमध्ये नव्हता.

पण चाकू हाती आल्यावर तिची सगळी कटकट थांबली. ओल्या पोत्यात गुंडाळलेली संत्र्याची काडी तिनं उलगडली. काडीवरची पानं आधीच छाटलेली, प्रत्येक डोळ्याखाली पानाचा फक्त अर्ध्या बोटाएवढा देठ ठेवलेला. तो देठ धरूनच डोळा उचलायचा असतो, डोळ्याला बोट लागू द्यायचं नसतं. जंभेरीच्या रोपावर जमिनीपासून वीतभर वर, उत्तरेच्या अंगाला, म्हणजे दुपारचं ऊन थेट लागणार नाही असा छेद. चाकूच्या पाठीनं साल दोन्हीकडून किंचित उघडायची, पाकिटात चिठ्ठी सरकवावी तसा डोळा आत सरकवायचा, आणि खालून वर पट्टी आवळत यायची, डोळा आणि देठ तेवढे बाहेर ठेवून. पाऊण तासात पन्नास झाले. पोरं अजून विसावर होती. अश्विन नावाचा एक पोरगा घामाघूम होऊन तिच्या हाताकडे पाहत राहिला, तेव्हा ती त्याला हळूच म्हणाली की डोळा श्वासानंही सुकते, तोंड तिकडे करून पाह्य. बोलणं मना होतं. धर्मेंद्रनं एक गुण कापला.

पुढचे एकवीस दिवस माणिकबाई घरात गाणं गुणगुणत होती, हे गोवर्धनच्या लक्षात आलं.

तपासणीचा दिवस उजाडला. थंडी ओसरायला लागली होती, केंद्राच्या मागे शेडनेटखाली आठ वाफे, प्रत्येकात पन्नास काळ्या पिशव्या. परीक्षार्थींनी रोपांना हात लावायचा नाही, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. धर्मेंद्र माणिकबाईच्या वाफ्यापासून सुरू झाला. पहिल्या रोपाच्या देठाला त्यानं बोट टेकवलं. देठ टपकन गळून पडला. माणिकबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. दुसऱ्याला टेकवलं, गळला. तिसरा, चौथा, पाचवा. कोवळ्या पिवळ्या पडलेल्या देठांचा पिशव्यांवर सडा पडत चालला आणि तिनं मनात मोजायला सुरुवात केली. पंधरा. बावीस. तिला वाटलं आत्ता गोवर्धन इथे पाहिजे होता. तिसाला तिनं पदर तोंडाला लावला, हसू आवरेना. धर्मेंद्र मात्र दर देठागणिक जास्त जास्त गंभीर होत होता आणि मधूनच तिच्याकडे अशा नजरेनं पाहत होता की जणू दवाखान्यात कोणाचा रिपोर्ट वाचतो आहे. सत्तेचाळीस गळले. तीन गळले नाहीत, ते सुकून घट्ट चिकटलेले. ती मनाशी म्हणाली, तीन गेले, तेवढे जातातच.

आठही वाफे तपासून झाल्यावर धर्मेंद्र टॅब छातीशी धरून तिच्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, वाईट वाटतं. तीनच जगली."

तिला आधी वाटलं थट्टा करतो. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

टॅबमध्ये रकाना होता, देठ शाबूत आहे का, होय की नाही. ज्यानं तो रकाना बनवला त्याला वाटलं असणार, देठ पडला म्हणजे कलम पडलं. वाटायला काय लागतं. खरी गोष्ट उलटी आहे आणि ती माळ्याच्या घरातल्या पोराला चालायला येण्याआधी कळते. डोळा जिवंत असेल तर नव्या झाडाचा रस त्याला मिळतो आणि तो जुना देठ आपोआप टाकून देतो, जसं झाड पिकलं पान टाकतं. डोळा मेला तर टाकायलाही जीव उरत नाही. देठ सुकून तिथेच चिकटून बसतो. गळला म्हणजे जगला, चिकटला म्हणजे मेला. तीस वर्षं ती बोटानं हेच तपासत आली होती.

तिनं हे सांगितलं. आधी नीट सांगितलं, मग आवाज चढला. धर्मेंद्र ऐकून घेत होता, पण गळून पडलेली गोष्ट जिवंत असते हे त्याला पटणार तरी कसं. शेजारच्या वाफ्यात एका पोराचे बेचाळीस देठ घट्ट बसलेले होते, तो पास झाला होता. अश्विनचे बारा गळले, तो नापास. माणिकबाईनं त्या बेचाळीसवाल्या पोराच्या वाफ्याकडे बोट केलं आणि म्हणाली की हे सारं मसणात गेलं हाय, अन् तू त्याले पेढे देऊन राहिला. पोरगा बिचारा खाली मान घालून उभा राहिला. त्यालाही आतून ठाऊक असावं.

धर्मेंद्र म्हणाला नोंद झाली की बदलता येत नाही, शुक्रवारी यादी वर जाते. आणि नवीन तुकडीसाठी जागा करायची म्हणून नापास वाफे संध्याकाळपर्यंत उपटून पिशव्या रिकाम्या करायच्या, असा फळ्यावर नियमच लिहिलेला होता.

उपटायचे, हा शब्द कानी पडला आणि माणिकबाई दोरी ओलांडून थेट वाफ्यात जाऊन उभी राहिली. चप्पल बाहेर काढून. ती ओरडली नाही, हे विशेष. म्हणाली, "माह्या नावापुढं काय लिवायचं ते लिव. पण जिवंत झाड मी उपटू देणार नाई. मले उचलून ने आधी."

तिनं प्रतीक्षाला फोन लावला. भांडायला माणूस पाहिजे म्हणून लावला, पुस्तक पाहिजे म्हणून नव्हे. पण तिकडे प्रतीक्षा साडीच्या घडीवर हात ठेवून क्षणभर थांबली आणि म्हणाली, आई, हे माह्या पुस्तकात हाय. तिसऱ्या सत्रात दोन मार्काले आलं होतं. कलम यशस्वी झाल्याची खूण लिहा. तिनं तेव्हा लिहिलं होतं, दोन पैकी दोन मिळाले होते, आणि त्या ओळीचा अर्थ आज दुपारी बारा वाजता पहिल्यांदा तिच्या ध्यानात आला होता.

पुस्तक गावी होतं, लोखंडी पेटीत. गोवर्धन लॉनवर होता, संध्याकाळी लग्न होतं, मांडववाले आले होते. त्याला फोन गेला. तो घरी धावला आणि पेटी उघडून फोटो पाठवू लागला. पहिला फोटो आला गाईच्या कासेच्या रोगाचा. दुसरा गांडूळखताचा. तिसऱ्यात अख्खं पान त्याच्या अंगठ्याखाली होतं. प्रतीक्षा एव्हाना दुकानातून निघून ऑटोत बसली होती आणि ऑटोवाल्यासमोर बापाला समजावत होती, की बाबा, ज्या पानावर फांदीले चीर मारलेलं चित्र हाय, ते. हे ऐकल्यावर गोवर्धनला एका मिनिटात सापडलं. पान अख्खं आलं, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं. खाली त्याचा निरोपही आला, बोलून पाठवलेला. "पान हेच हाय, पण चित्र काढणाऱ्यानं चाकू उलटा धरला. त्याले सांगजो."

केंद्राच्या प्रमुख होत्या देवश्री मॅडम. अकोल्याच्या, शेतकी शिकलेल्या, पण नोकरी लागल्यापासून अहवालांतच बुडालेल्या. वाफ्यात बाई उभी आहे हे ऐकून त्या वैतागत बाहेर आल्या. प्रतीक्षानं धापा टाकत त्यांच्यासमोर फोन धरला. मॅडमनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा काढून कपाळावर ठेवला, खाली वाकून पिशवीवर पडलेला एक देठ उचलला आणि बोटांत फिरवत राहिल्या.

"मीही लिहिलं होतं हे पेपरात," त्या म्हणाल्या. "पण गळलेला देठ आज पाहिला."

असं म्हणणारा साहेब विरळा. बाकीचे साहेब देठ परत चिकटवायला निघतात. मॅडमनी मात्र धर्मेंद्रला तिथेच थांबवलं आणि माणिकबाईला विचारलं की आता खात्री कशी करायची, तुम्ही सांगा. मावशी नाही, तुम्ही. माणिकबाईनं सांगितलं की पट्ट्या सोडा, सगळ्या आठही वाफ्यांतल्या जंभेरीचे शेंडे वाकवून बांधा, म्हणजे रसाचा जोर डोळ्याकडे येईल, आणि दहा दिवस पाणी द्या. जो जिवंत असेल तो डोकं वर काढेल. मग टॅब लागणार नाही, कोणालाही दिसेल. मॅडमनी वर कळवलं की तपासणी अपुरी आहे, यादी दहा दिवस उशिरा येईल. त्यांच्या गळ्याशी येऊ शकलं असतं, पण त्यांनी सही केली. उपटण्याचा नियम फळ्यावरून ओल्या फडक्यानं पुसला गेला.

ते दहा दिवस माणिकबाईला डोळ्यांची काळजी नव्हती, पाण्याची होती. पाइप जोरात सोडला तर पिशवीतली माती उडते, पोरं असाच सोडतात. म्हणून ती एक दिवसाआड सकाळच्या एसटीनं अमरावतीला यायची, झारीनं पाणी घालायची आणि दुपारच्या गाडीनं परत. प्रतीक्षा दुकान उघडण्याआधी तिला गाठायची. पहिल्या दिवशी ती नुसती उभी राहिली. दुसऱ्या खेपेला तिनं शेंडे कसे वाकवले ते विचारलं. तिसऱ्या खेपेला माणिकबाईनं न विचारताच चाकू तिच्या हाती दिला आणि जंभेरीची एक वाया गेलेली फांदी पुढे केली. प्रतीक्षाचा पहिलाच छेद साल सोडून लाकडात गेला. माणिकबाई म्हणाली, माहाही असाच गेला होता. टोमणा नव्हता तो. प्रतीक्षाला त्याची सवय नसल्यानं तिनं दोनदा आईकडे पाहिलं.

दहाव्या दिवशी गोवर्धन रजा काढून आला. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात शिटी तशीच. आठही परीक्षार्थी आले, धर्मेंद्र आला. माणिकबाई एसटीतून उतरल्यावर पहिल्यांदाच सावकाश चालली. शेडनेटचा पडदा बाजूला केला आणि ती जागीच थांबली.

तिच्या वाफ्यात ओळीनं, वीतभर उंचीवर, उत्तरेच्या अंगाला हिरवे ठिपके उभे होते. काही मोहरीएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, दोन-चारांना तर कोवळी पानं सुटून उंदराच्या कानासारखी उभी राहिलेली. गळलेले आठ सोडले तर शेजारचा बेचाळीसवाला वाफा काळा ठिक्कर होता. घट्ट चिकटलेले देठ अजून चिकटलेले, त्यांच्याखाली डोळे सुकून कोळसा झालेले. अश्विनचे बारा मात्र हिरवे होते, बरोबर तेवढेच, जेवढे गळले होते. धर्मेंद्र प्रत्येक रोपापाशी बसून पाहत होता. या खेपेला तो टॅबकडे एकदाही बघत नव्हता.

सेहेचाळीस.

माणिकबाई खाली बसली. गुडघे दुखतात हे विसरून सरळ मातीत बसली आणि मोठा श्वास सोडला, तो असा की गोवर्धननं घाबरून तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, काई नाई झालं, हलकं वाटून राहिलं. मग इकडेतिकडे पाहत तिनं विचारलं, सत्तेचाळीस गळले होते, एक कुठं गेला? आणि गेलेला एक शोधायला लागली. सापडला तेव्हा पिशवीची माती एका बाजूनं धुऊन गेलेली होती. तिनं पाणी घालणाऱ्या पोराला तिथेच झाडलं. पास झालेल्या बाईचा पहिला तास असा सुरू झाला.

धर्मेंद्रनं नोंद बदलून आणली. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, मावशी, तो रकाना मी वर कळवतो, काय लिहू ते सांगा. तिनं सांगितलं आणि त्यानं शब्दाला शब्द लिहून घेतलं. देठाले हलकंच बोट लावा. गळला तर होय, चिकटला तर नाई. त्यानं ते शुद्ध करून टाकलं असणार, हरकत नाही. निघताना त्यानं अर्धवट थट्टेत विचारलं की उद्या पार्लरची परीक्षा आहे, त्यातलं काही येतं का. माणिकबाई म्हणाली, ज्याले येते त्याच्या हाताकडे पाह्य, बापा. टॅब मंग उघड.

आता ती केंद्रात शिकवते. गळ्यात ओळखपत्र आहे, त्यावरच्या फोटोत ती रागावल्यासारखी दिसते, कारण फोटोवाल्यानं हसू नका म्हटलं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर प्रतीक्षाच्या फ्रेमशेजारी लागलं. गोवर्धननं पाणसळ लावून दोन्ही एका रेषेत आणल्या. पहिल्या तुकडीत अश्विन आहे, बेचाळीसवाला पोरगा आहे, आणि साडीचं दुकान सोडून प्रतीक्षाही आहे. प्रतीक्षाच्या पहिल्या पन्नासातले तीस मेले. आईनं तिला मेलेल्यांपाशी बसवून प्रत्येकाचं कारण वहीत लिहायला लावलं. हा खोल गेला, हा सुकला, ही पट्टी सैल. म्हणाली, तुले लिवता येते, मले तेवढं येत नाई, मंग लिव, माह्या मागं राहील. त्या वहीची आता अडतीस पानं झाली आहेत आणि वर्गातली पोरं तिच्या झेरॉक्स काढून नेतात.

माणिकबाईसारखे साठ-सत्तर हात त्या एका फाटकातून बाहेर पडले होते. एकाला लिहून मिळालं. बाकीचे कुठल्या टेम्पोत आहेत, कोणाच्या गेटवर शिटी वाजवतात, कोणाला माहीत.

म्हणून एक काम करा. पुढच्या वेळी नर्सरीत संत्र्याची कलमं घ्यायला जाल, किंवा आंब्याचं घ्या, गुलाबाचं घ्या, काहीही घ्या, तेव्हा भाव विचारायच्या आधी मालकाला एवढं विचारा, की हे बांधलं कोणी. तो फलकाकडे बोट दाखवेल. तुम्ही हलू नका. नाव सांगेपर्यंत तिथेच उभे राहा.